कानामागचा खळगा

कानाची पाळी बोटानं मागे दाबली, की तिचं टोक जिथं टेकतं तिथं एक खळगा लागतो. मागे कवटीचं टणक हाड, पुढे जबड्याची कड आणि मधोमध ही मऊ जागा. तोंड उघडलं की खळगा आणखी खोल जातो. चिनी वैद्यकात या जागेला यीफंग म्हणतात, म्हणजे वाऱ्यापासूनचा आडोसा. चेहऱ्याचा लकवा, कानात आवाज येणं, कमी ऐकू येणं, दाढदुखी, गालाची सूज, न थांबणारी उचकी अशा किती तरी तक्रारींवर तिथं सुई टोचतात. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिथं दुखतंय, एवढंच कळत होतं.

मी इचलकरंजीची. घरात मागांचा खडखडाट ऐकत वाढले, नोकरीही कापडाच्याच धंद्यात लागली आणि त्या नोकरीनं मला चीनच्या झेजियांग प्रांतात, शाओशिंग शहराच्या केछ्याओ भागात आणून सोडलं. केछ्याओ म्हणजे कापडाचा अफाट बाजार. भारतीय व्यापारी इतके, की जेवणाचे हाल होत नाहीत. हाल होतात ते हिवाळ्यात. उत्तर चीनमध्ये घराघरांत ऊब पोचवणारे नळ असतात, यांगत्से नदीच्या दक्षिणेला तसं काही नाही. हवा दमट, थंडी शून्याच्या आसपास, आणि कामाला जायचं ते विजेच्या स्कूटरवरून. इथले लोक स्कूटरच्या हँडलला पुढून एक जाड गोधडीसारखं पांघरूण बांधतात, त्यालाच हातमोजे शिवलेले असतात. छाती, गुडघे, हात सगळं झाकतं. कान मात्र ज्याचे त्यानं सांभाळायचे.

आधी डाव्या कानामागे ठणका लागला. दाढ असेल, मान अवघडली असेल, असं वाटत राहिलं. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून गेलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर डावी बाजू हलतच नव्हती. डोळा मिटायला गेले की बुबुळ वर सरके आणि पांढरं तसंच उघडं राही. चहाला धड चव नव्हती. फोन वाजला तो डाव्या कानात घण घातल्यासारखा आदळला.

आईला व्हिडिओ कॉल केला. ती क्षणभर बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, तोंडावरनं वारं गेलंय तुझ्या. आधी कान बांध." मिरजेला माझा मावसभाऊ डॉक्टर आहे, त्यानं लगेच फोन घेतला. "कपाळाला आठ्या घाल बघू," दादा म्हणाला. उजवीकडे आठ्या पडल्या, डावं कपाळ कोरं राहिलं. "हात वर कर. दोन्ही. सरळ धर. आता एक वाक्य बोल." सगळं नीट झाल्यावर त्याचा आवाज जरा सैल झाला. मेंदूतल्या झटक्यात बहुधा कपाळ शाबूत राहतं आणि फक्त खालचा चेहरा वाकडा होतो. कपाळासकट अर्धा चेहरा गेला तर बिघाड बहुतेक वेळा मेंदूबाहेर, चेहऱ्याच्या नसेतच असतो. बेल्स पाल्सी म्हणतात त्याला, एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याच्या नावावरून. "असेलही, पण फोनवर निदान होत नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा. स्टेरॉइड द्यायचं असेल तर ते पहिल्या ७२ तासांत सुरू झालं पाहिजे."

ऑफिसात मला ताई म्हणणारी एक मुलगी आहे, ती सोबत आली. हॉस्पिटल मोठं होतं. आधी न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी तपासलं, स्टेरॉइडच्या गोळ्या, बी-१२ आणि डोळ्यासाठी थेंब दिले, रात्री पापणीवर पट्टी लावून झोपायला सांगितलं. इथवर सगळं ओळखीचं होतं. मग त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली आणि बोट वरच्या मजल्याकडे केलं. तिथं सुयांचा विभाग होता. माझ्या सोबतिणीला यात काहीच विशेष वाटलं नाही. चेहरा वाकडा झाला की गोळ्या खालच्या मजल्यावर आणि सुया वरच्या, हे तिच्या लेखी ठरलेलंच. चीनमध्ये या विभागांत चेहऱ्याच्या लकव्याचे रुग्ण सर्रास येतात.

वर गेल्यावर मी गोंधळून गेले ती किती तरी वेळ तशीच होते. एक लांब खोली, पडद्यांनी वेगळ्या केलेल्या खाटा, आणि जळत्या दवण्यासारखा धुराचा वास. तो मोक्साचा. वाळवलेल्या पानांचा लोकरीसारखा भुगा करून, तो पेटवून शेक देतात. खाटांवर माणसं निवांत पडलेली. कुणाच्या गुडघ्यात सुया, कुणाच्या पाठीत. एक आजोबा कपाळात सुया घेऊनच मोबाइलवर ऑपेरा ऐकत होते. प्रत्येक खाटेजवळ लांब मानेचा एक दिवा होता, गोल तव्याचा, ऊब देणारा.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि पहिला प्रश्न केला: स्कूटरवर टोपी घालत होतीस का? मग अंगठा थेट माझ्या कानामागच्या त्या खळग्यात टेकवला. मी दचकले, कारण ठणका नेमका तिथंच होता आणि मी तो त्यांना अजून सांगितलेला नव्हता. "वारं इथून शिरतं," त्या म्हणाल्या. केछ्याओतल्या डॉक्टर आणि इचलकरंजीतली माझी आई एकाच दिवशी एकच गोष्ट सांगत होत्या. आयुर्वेदही या आजाराला अर्दित म्हणून वाताच्या विकारांतच धरतो. मानेच्या आणि कानाच्या मागे वाऱ्याच्या नावाचे आणखीही बिंदू आहेत, कारण जुन्या चिनी वैद्यांच्या मते बाहेरचं वारं शरीरात मागून आणि वरून शिरतं.

सुई मी नीट पाहून घेतली. केसासारखी बारीक, तांब्याच्या तारेची मूठ, आणि बंद पाकिटातून माझ्यासमोर काढलेली. शिवणाची सुई कापडाचे धागे बाजूला सारते तशी ही मांस बाजूला सारत जाते. पोकळ नाही, तिच्यातून काही आत सोडत नाहीत. बाईंनी माझ्याच अंगठ्याची रुंदी माझ्या भुवईवर ठेवून दाखवली. हे एक माप, त्सुन. चार बोटं जुळवली की तीन त्सुन. माप रुग्णाच्याच अंगावरचं असल्यामुळे उंच माणसाचा त्सुन मोठा, लहान मुलाचा लहान. भुवईच्या वर एक त्सुन, ओठाच्या कोपऱ्याशी, नाकपुडीच्या बाजूला अशा सुया लागत गेल्या. त्या जेमतेम टोचल्याचं कळलं. गाल बधिर नव्हता, नुसता हलत नव्हता.

मग त्यांनी माझा उजवा हात मागितला. चेहरा गेलेला डावीकडचा, आणि सुई उजव्या अंगठ्याच्या नि तर्जनीच्या मधल्या मांसात! मला वाटलं सोबतिणीनं उलटं सांगितलं असेल. बाईंनी न कंटाळता समजावलं. हा हेगू बिंदू. याची वाहिनी, म्हणजे चिनी वैद्यकानं मानलेली शरीरातली वाट, हातावरून चेहऱ्याकडे चढते आणि नाकाखाली, वरच्या ओठाच्या पन्हाळीपाशी, डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे ओलांडून जाते. म्हणून डाव्या गालासाठी उजवा हात. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतात त्या जुन्या पद्यात चेहरा आणि तोंड हेगूच्याच वाट्याला आलेत.

शेवटी कानामागे. "जबडा सैल सोड." आधी नुसता गार बोळा लागला. मग एक बारीकशी टोच, ती तर मुंगी चावल्याइतकीही नव्हती. आणि मग खोलवर काही तरी जागं झालं. दुखणं म्हणता येणार नाही. आतून तटतटल्यासारखं झालं, आणि तो ताण जिभेच्या मुळाकडे सरकत गेला. बाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. "आंबल्यासारखं? मुंग्या? तटतटतंय? जड?" सोबतीण एकेक शब्द विचारत गेली. तटतटतंय म्हटल्यावर बाईंनी मान डोलावली आणि हात काढून घेतला. या जाणिवेला ते दची म्हणतात, सुईखाली ची, म्हणजे शरीरातली प्राणशक्ती, आली. ती आल्याशिवाय सुई नीट बसली असं मानत नाहीत. पहिल्या काही दिवसांत मात्र त्या सुया उथळच ठेवत, फिरवत नसत. नस सुजलेली असताना जोर लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

दिव्याच्या उबेत पडल्या पडल्या माझं डोकं प्रश्नांनी भरून गेलं. यीफंग ज्या वाहिनीवर आहे ती अनामिकेच्या नखाशी सुरू होते, हाताच्या मागून खांद्यावर चढते, कानाला वळसा घालते आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाशी संपते. २३ बिंदू, त्यातला हा सतरावा. ही वाहिनी सान ज्याओ नावाच्या अवयवाची. आणि तो अवयव शवविच्छेदनात सापडत नाही! शरीराचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग आणि त्यांतून पाण्याची, उष्णतेची चालणारी ये-जा, असं काहीसं ते आहे. मी शाळेत शिकलेल्या शरीरात याला कुठंच जागा नव्हती. तरीही ज्या जागी सुई होती ती जागा कल्पनेतली नव्हती. ती माझ्या बोटाला लागत होती.

रात्री दादाला विचारलं. त्यानं कवटीचं चित्र पाठवलं, आणि मी ते किती तरी वेळ पाहत बसले. चेहरा हलवणारी सातवी मेंदूनस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते. नस सुजली तरी हाड जागा देत नाही, म्हणून ती आतच दबते. वाटेत तिचा एक फाटा कानातल्या एका चिमुकल्या स्नायूला जातो, म्हणून आवाज आदळत होता. दुसरा फाटा जिभेच्या पुढच्या भागाची चव आणतो, म्हणून चहा फिका. आणि ही नस कवटीतून बाहेर पडते ते छिद्र त्याच खळग्याच्या तळाशी, थोडं आत. तिथून ती गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि तिच्या पाच शाखा होतात. जिथून चेहऱ्याची सगळी हालचाल कवटीबाहेर येते, त्या दारावरच जुन्या वैद्यांनी बोट ठेवलं होतं. वाऱ्याच्या सिद्धान्तावर माझा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. पण इतकं बारकाईनं पाहणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात जो आदर आला, तो आजही तसाच आहे.

त्यांच्यातल्या एकाची गोष्ट वाचून तर मी हललेच. ह्वांगफू मी हा तिसऱ्या शतकातला विद्वान, २१५ ते २८२ हा त्याचा काळ. मूळचा वैद्य नव्हता. चाळिशीत त्याला वाऱ्याच्या विकारानं गाठलं आणि शंभर दिवस ऐकूही येईनासं झालं, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. त्या आजारानं तो वैद्यकाकडे वळला, विखुरलेले जुने ग्रंथ गोळा केले, ताडून पाहिले, आणि सुया नि शेक यांवरचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. यीफंग त्यात आहे. स्वतःच्या दुखण्यातून इतकं मोठं काम उभं राहिलेलं पाहिलं की धीर येतो.

पुढे अकराव्या शतकात, सुंग राजवटीत, वांग वेईयी या राजवैद्यानं बिंदूंच्या जागा एकसारख्या ठरवून दिल्या आणि १०२७ मध्ये माणसाच्या उंचीचे दोन कांशाचे पुतळे ओतवून घेतले. प्रत्येक बिंदूला एक छिद्र. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देत आणि आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई अचूक बसली तर पाणी बाहेर येई, चुकली तर आतच जात नसे. बोटांना शिकवायची याहून चोख रीत मला तरी ठाऊक नाही.

पण शाओशिंगमध्ये राहून दुसरी बाजू विसरता येत नाही. आधुनिक चिनी साहित्याचा जनक लू शुन याच गावचा. त्याचे वडील १८९६ मध्ये इथंच वारले. नामांकित वैद्य मोठी फी घेऊन येत, काढ्यासोबत चमत्कारिक जिनसा आणायला सांगत. रातकिड्यांची जोडी हवी, तीही मुळापासून एकमेकांसोबत राहिलेली. कोवळा लू शुन त्या शोधत गावभर फिरे, आणि वडील खंगत गेले. १९२६ साली त्यानं 'वडिलांचं आजारपण' या लेखात हे सगळं लिहिलं. तो राग त्यानं कधी सोडला नाही. तो जपानला सेंदाईत पाश्चात्त्य वैद्यक शिकायला गेला, त्यामागे हे दुःखही होतं. त्याच्या घराजवळून जाताना मला त्या मुलाची आठवण येते आणि मी माझ्या गोळ्या चुकवत नाही.

कारण आकडे स्पष्ट आहेत. बेल्स पाल्सीचे दहापैकी सातएक रुग्ण काहीही न करता पूर्ण बरे होतात, हे कोपनहेगनला वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून दिसलं. स्कॉटलंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन मिळालेल्यांपैकी ९४ टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न मिळालेल्यांपैकी ८२ टक्के. सुयांबाबत इतकं ठाम काही हाती नाही. चीनमधल्या ३३८ रुग्णांवरचा एक चांगला अभ्यास २०१३ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांच्या सुया फिरवून दची आणली त्यांचा चेहरा सहा महिन्यांनी जास्त सुधारला होता, नुसत्या टोचून ठेवलेल्यांचा कमी. पण दोन्ही गटांना सुया होत्या आणि दोन्हींना स्टेरॉइडही. सुई कशी लावावी हे त्यातून कळतं. सुई मुळात लागतेच का, याचं उत्तर त्यात नाही.

हे मी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. चिडतील अशी धास्ती होती. त्या म्हणाल्या, "गोळी सूज उतरवते. माझं काम चेहऱ्याला आठवण करून देण्याचं." मग म्हणाल्या, घरी आरशासमोर बसून भुवई उचल, नाक मुरड, गाल फुगव, जोर न लावता. माझ्या पहिल्या हालचालीचा साक्षीदार तो आरसाच. एका संध्याकाळी डाव्या ओठाचा कोपरा किंचित, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा हलला. मी आईला फोन लावला आणि काही बोलताच येईना, तशी तीच रडायला लागली. हा गुण गोळीचा, सुईचा की शरीराच्या स्वतःच्या चालीचा, हे सांगणं मला शक्य नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

सुयांच्या त्या खोलीनं मला एक गोष्ट नक्की दिली. रोज अर्धा तास कुणी तरी माझ्या वाकड्या चेहऱ्याकडे न बिचकता, जवळून, काळजीनं पाहत होतं. बाहेर मी मास्क लावून हिंडत होते.

आपल्याकडे ही विद्या पोचली ती डॉ. कोटणीसांच्याच पथकामुळे. १९३८ मध्ये भारतातून चीनला पाच डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते करू लागले. महाराष्ट्रात तर या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा सुया घ्यायच्याच असतील तर नोंदणी असलेला माणूस गाठा आणि पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. कानामागे रक्तवाहिन्या आहेत, नस आहे. व्हिडिओ पाहून घरी कुणी तिथं सुई खुपसू नये, जोरानं चोळूही नये.

आणि कुणाचा चेहरा अचानक एका बाजूला ओढला गेला, तर कान बांधून वाट पाहत बसू नका. आधी कपाळाला आठ्या घालायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, बोलायला लावा. कपाळ शाबूत असेल, हात खाली येत असेल किंवा जीभ अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका समजून त्याच मिनिटाला मोठं हॉस्पिटल गाठा. यातलं काही नसेल तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि डोळा कोरडा पडू देऊ नका. औषधाला मुदत फक्त तीन दिवसांची असते.